जास्तीचं तेल

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि वर्ष-दोन वर्षांत आमच्या घरी गाडी आली. छोटी, पांढरी, आधी कोणीतरी वापरलेली. ती माझ्या मिस्टरांनी आणि त्यांच्या मोठ्या भावाने मिळून घेतली होती. बुढापारा मोहल्ल्यात आमचं दुमजली घर. खाली मोठे दीर आणि जाऊबाई, वर आम्ही दोघं. त्यांचा मुलगा नागपूरला शिकत होता, आम्हाला अजून मूल नव्हतं. मोठ्या दिरांना आमच्याकडे भासरे म्हणतात. भासरे सरकारी कचेरीत होते, मिस्टर सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, आणि मी पुरानी बस्तीतल्या एका शाळेत शिकवायचे.

एक आठवडा गाडी खालच्यांची, एक आठवडा वरच्यांची, असं ठरलं होतं. रविवारी सकाळी किल्ली जिन्याजवळच्या खिळ्याला अडकवायची. ज्याचा आठवडा सुरू होईल त्याने ती उचलायची. ही व्यवस्था ठरवताना दोघे भाऊ एकमेकांशी फार गोड बोलले होते. "तू घे ना आधी," "नाही भाऊ, तुम्ही घ्या," असं बराच वेळ चाललं. त्या गोड बोलण्याचीच मला जरा शंका आली होती. मी मूळची अकोल्याची, आमच्या माहेरी भाऊ-भाऊ एकमेकांशी इतक्या नरमाईने बोलले की आई म्हणायची, आता काहीतरी फिस्कटणार.

घराचं जोतं गल्लीपेक्षा बरंच उंच होतं, कारण पावसाळ्यात जवळच्या तलावाकडून पाणी यायचं. दारासमोर सिमेंटचा उतार होता. गाडी पूर्ण आत मावत नव्हती, आणि पूर्ण बाहेर ठेवली तर गल्लीतून स्कूटरी जायला जागा उरत नव्हती. म्हणून ती नेहमी अर्धी उतारावर चढवून, तोंड वर करून उभी केलेली असायची.

त्या दिवसांत शहरात कोणी कोणाकडे सरळ पाहत नव्हतं असंच मला आठवतं. भोपाळहून साहेब लोक आले होते, त्यांना घरं हवी होती. रस्ते खोदलेले, जिकडेतिकडे लाल दिव्याच्या गाड्या, आणि गल्लीबोळांत जमिनीचे दलाल फिरायचे. हातात छोटी बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि प्रत्येक घराच्या दारावर एकच प्रश्न, "भैया, बेचना है क्या?" कोणाच्या दारात दलाल दोनदा दिसला की शेजारी तर्क करायला लागायचे. आमच्या दारात तो किती वेळा येऊन गेला आणि कोणाशी बोलला, हे खाली-वर दोन्हीकडे पाहिलं जात होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं.

गाडीचा पहिला संशय मिस्टरांना आला. आमच्या आठवड्यात ते सिलतऱ्याहून आले, गाडी उतारावर चढवली, इंजिन बंद केलं आणि लगेच बॉनेट उघडलं. मी वरून पाहत होते. त्यांनी तेल मोजायची काडी बाहेर ओढली, जुन्या बनियनने पुसली, पुन्हा घातली आणि पुन्हा काढून उजेडात धरली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि जिन्याखालून तेलाचा डबा आणून इंजिनात ओतला.

वर आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"भाऊ तेल पाहतच नाहीत," ते म्हणाले. "आठवडाभर चालवतात अन् आणून उभी करतात. काडी खालच्या खुणेच्याही खाली होती."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर म्हणतील, लहाना मले शिकवून राहिला. तू खाली काही बोलू नको. मी टाकत जातो."

मी बोलले नाही. त्यानंतर आमच्या आठवड्यात हे बऱ्याचदा व्हायचं. ते कामावरून आले की काडी काढायचे, कमी दिसलं की थोडं ओतायचे. आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर तेच भाव असायचे, की बघ, मी म्हटलं होतं ना.

काही दिवसांनी मला मागच्या सीटवर धानाची टरफलं सापडली. जाऊबाईंचं माहेर धमतरीकडे, तिकडे शेती. मला वाटलं, ही माणसं गाडीत पोती वाहतात, म्हणून ती अशी दमल्यासारखी चालते. मी टरफलं झाडली, पण मनातून गेली नाहीत. तिकडे जाऊबाईंनीही काही पाहून ठेवलं होतं. एका रविवारी जिन्यात त्या मला म्हणाल्या, "तुम्ही लोक सिलतऱ्याहून गाडीत कोळसा भरून आणता का गं? फडकं फिरवलं तर काळंच काळं."

"तिकडची धूळच तशी आहे ताई. घरातही तीच येते."

"हव," त्या म्हणाल्या. पण तो होकार पटल्याचा नव्हता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास द्यायला लागली. किल्ली फिरवली की आधी खोकायची, मग सुरू व्हायची आणि मागून निळसर पांढरा धूर सोडायची. धुराला जळक्या तेलाचा वास असायचा. समोरच्या घरातली बाई गच्चीवर रखिया बडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वाळत घालायची. ती एक दिवस वरूनच मला म्हणाली, "तुंहर गाड़ी अब्बड़ धुआं छोड़थे दीदी, मोर बड़ी मन करिया हो जाही." तिच्या बड्या काळ्या पडतील म्हणून तिला काळजी होती. मी म्हटलं, गाडी दाखवतो आहोत.

भासऱ्यांना आधी पेट्रोल पंपाची शंका आली. पंपवाले रॉकेल मिसळतात असं त्यांच्या कचेरीत सगळेच म्हणत होते. त्यांनी पंप बदलला. धूर तसाच राहिला. मग गाडीखाली सिमेंटवर तेलाचा डाग दिसायला लागला. आधी नाण्याएवढा, मग ताटाएवढा. भासऱ्यांनी एका संध्याकाळी इंजिनाच्या खाली वर्तमानपत्र पसरलं आणि सकाळी ते उचलून उन्हात धरून पाहिलं.

मिस्टरांनी ते जिन्यातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्यावर पाळत ठेवून राहिले," ते वर येऊन म्हणाले.

"पाळत कायची? तेल गळतं का ते पाहत असतील."

"तुले नाही समजत. किल्ली आमच्याकडं यायच्या आदल्या दिवशीच कागद टाकला. म्हणजे उद्या म्हणतील, माझ्याकडं होती तेव्हा एवढंच गळत होतं, तुझ्याकडं जाऊन वाढलं."

मी म्हटलं, असं असेल तर आपणही कागद टाकू. आमच्या आठवड्यात आम्हीही टाकला. दोन्ही कागदांवर मोठा काळा डाग निघाला. त्यावरून काहीच सिद्ध झालं नाही. फक्त मिस्टर म्हणाले, गळतंय म्हणजे आतलं कमी होतंय, आणि त्या आठवड्यात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तेल ओतलं.

भासरे गाडी तलावाजवळच्या एका गॅरेजात घेऊन गेले. मेकॅनिक म्हणाला, सील गेलं आहे. त्याने सील बदललं. पुढच्या आठवड्यात पुन्हा डाग दिसला. भासरे म्हणाले, त्याने जुनंच सील पुसून लावलं. मिस्टर मला म्हणाले, "भाऊ गॅरेजात गेले कशावरून? आपण पाहिलं का?" दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी त्या गॅरेजावरून मुद्दाम चालत गेले आणि आत डोकावून पाहिलं. विचारायचं धाडस झालं नाही. विचारून काय म्हणणार होते, आमचे भासरे इथे खरंच आले होते का?

अशातच राजनांदगावच्या आतेसासूबाईंचा निरोप आला. त्यांच्या नातीचा साखरपुडा ठरला होता आणि दोन्ही भावांनी बायकांना घेऊन सकाळीच यावं, अकराचा मुहूर्त आहे. आठवडा खालच्यांचा होता, पण एकाच गाडीने जायचं ठरलं. सकाळी निघालो. भासरे चालवत होते, शेजारी मिस्टर, मागे मी आणि जाऊबाई, मध्ये फळांची टोपली आणि साडीचं खोकं.

निघतानाच गाडीने गल्ली धुराने भरून टाकली. भिलाई मागे पडेपर्यंत पुढे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. फक्त एकदा मिस्टर म्हणाले, "गाडी ओढत नाही भाऊ." भासरे म्हणाले, "तुझ्याकडून आली तेव्हापासूनच." जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

दुर्ग ओलांडलं आणि काही वेळाने समोरच्या काचेखाली तेलाच्या डब्याचं लाल चित्र लागलं. आधी लुकलुकलं, मग लागूनच राहिलं. भासऱ्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली घेतली. दोघेही उतरले.

"तेल संपलं," भासरे म्हणाले.

"संपलंच असेल," मिस्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा विजय होता.

त्यांनी बॉनेट उघडून काडी काढली. काडीवर तेलाची रेघच नव्हती. दुधाच्या चहावर येतो तसा मातकट फेस होता, बुडबुड्यांचा, काडीभर चिकटलेला.

"पाहा, तेल नाही, नुसता फेस राहिला," भासरे म्हणाले.

मग एक गोष्ट घडली, ती मी गाडीच्या खिडकीतून पाहिली. भासरे मागे गेले, डिकी उघडली, स्टेपनीखाली हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला तेलाचा डबा काढला. तेवढ्यात मिस्टरांनी पुढच्या सीटखालून सकाळीच सरकवून ठेवलेला आपला डबा काढला. ते दोघे एकाच वेळी बॉनेटजवळ आले, दोघांच्याही हातात डबा.

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"तू तेल सोबत ठेवतो?" भासरे म्हणाले.

"तुम्ही पण ठेवता."

"म्हणजे तुले माहीत होतं. गाडी तेल खाते हे तुले माहीत होतं अन् तू बोलला नाही."

"तुम्हाले पण माहीत होतं भाऊ. नाही तर स्टेपनीखाली लपवून कायले ठेवलं असतं?"

मला वाटलं, आता इथेच काय ते होणार. पण मुहूर्ताची घाई होती. भासऱ्यांनी आपला डबा ओतला. मिस्टर म्हणाले, एवढ्याने भागणार नाही, आणि त्यांनीही आपला ओतला. भासऱ्यांनी अडवलं नाही. गाडी सुरू केली, ती कशीबशी निघाली.

फार पुढे गेलो नाही. मागच्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला इतका धूर निघाला. इंजिन थरथरायला लागलं, दोनदा आचके दिले आणि बंद पडलं. समोर थोड्या अंतरावर एक ढाबा होता आणि त्याला लागून ट्रकची दुरुस्ती करणारं एक गॅरेज. ढाब्यावरची माणसं आली, त्यांनी आणि दोघा भावांनी मिळून गाडी ढकलत तिथे नेली. भासऱ्यांचा पांढरा सदरा तेव्हाच खराब झाला.

गॅरेजवाला मध्यम वयाचा माणूस होता. त्याने काडी काढली, फेस पाहिला, हवेचा फिल्टर उघडला तर तो तेलात भिजलेला. म्हणाला, "रिंग गई है भैया. या हेड में पानी जा रहा है. इंजन खोलना पड़ेगा."

"इथे?" भासरे मराठीतच म्हणाले, आणि मग हिंदीत, "यहां नहीं खुलेगा इंजन."

"तो टोचन करके राजनांदगाव ले जाइए. वहां भी यही बोलेंगे."

भासरे मिस्टरांना बाजूला घेऊन गेले. त्यांना वाटत होतं, हायवेवरचा माणूस आहे, परगावची गाडी पाहून सांगतो आहे. मिस्टरांना वाटत होतं, भावाने गाडीचं इंजिन आधीच बिघडवून ठेवलं आहे आणि आता ते कोणापुढेच उघडू द्यायचं नाही. हे दोन्ही संशय मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत, पण त्यांच्या उभं राहण्यावरून मला ते कळत होते. अकरा वाजून गेले होते.

ढाब्याच्या खाटेवर मी आणि जाऊबाई बसलो होतो. चहा आला होता, कोणी प्यायला नव्हता. जाऊबाई बराच वेळ त्या दोन रिकाम्या डब्यांकडे पाहत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? भाऊजींजवळ तो डबा कुठून आला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "जिन्याखाली ठेवतात," मी म्हटलं. "अन् मोठ्या भाऊजींचा?"

"आमच्या धान्याच्या कोठीमागं असते. एक संपला की दुसरा. मले म्हणाले होते, वर बोलू नको, त्याला वाटेल मी त्याच्या चुका काढतो."

"मलाही हेच सांगितलं होतं."

त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी कधी टाकतात?"

"संध्याकाळी. सिलतऱ्याहून आले की काडी पाहतात. कमी दिसली की टाकतात. अन् मोठे भाऊजी काडी पाहतात का?"

"काडी कायची? ते म्हणतात, लहाना काही पाहत नसेल. गाडी आमच्याकडं आली की रविवारी सकाळी ओततात. जास्त झालं तर काय बिघडते, तेलच आहे, म्हणतात. डाग दिसायला लागल्यापासून तर दोनदा ओततात."

"हेही डाग पाहून जास्त टाकायला लागले."

जाऊबाई बोटावर काही मोजत असाव्यात असं वाटलं, पण मोजत नव्हत्या. अंगठी फिरवत होत्या.

"म्हणजे ते टाकतात," त्या म्हणाल्या, "अन् हे पण टाकतात. अन् काढते कोण?"

त्या उठल्या, पदर खोचला आणि सरळ गॅरेजवाल्याकडे गेल्या. मीही मागोमाग गेले.

"भैया, इंजन मत खोलो," त्या म्हणाल्या. "पहले पूरा तेल निकालो. हमारे सामने निकालो."

"बहनजी, तेल निकालने से क्या होगा?"

"निकालो तो सही."

भासरे म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?" गॅरेजवाल्याने खांदे उडवले, गाडीखाली एक घमेलं सरकवलं आणि खालचा बोल्ट सोडला.

तेल यायला लागलं. काळं, वर फेस धरलेलं. घमेलं भरलं. त्याने बोल्टच्या भोकावर बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने एक अर्धा कापलेला पत्र्याचा डबा ओढला. तोही भरत आला. मग ढाब्यावरून बादली मागवावी लागली. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला आणि दोघा भावांकडे पाहत राहिला. त्यालाही आता आमच्याबद्दल काहीतरी शंका आली असावी.

"इतना किसने डाला?" त्याने विचारलं.

जाऊबाई म्हणाल्या, "दोनों ने."

मग तिथे उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं, खालचा रविवार आणि वरची संध्याकाळ. गॅरेजवाल्याने गाडी कशी उभी असते ते विचारलं. मिस्टरांनी हाताने उतार दाखवला. तो म्हणाला, मग काडी खरी कशी सांगेल, तेल मागे जाऊन बसतं; आणि गाडी बंद केल्या केल्या पाहिलं तर अर्धं तेल अजून वरच असतं, खाली उतरलेलंच नसतं. जास्त झालेलं तेल आत फिरणाऱ्या लोखंडाने घुसळून त्याचा फेस होतो, फेस काही वंगण देत नाही, म्हणून दिवा लागतो. आणि उरलेलं जिकडे वाट मिळेल तिकडे बाहेर पडतं, सीलमधून खाली, नाहीतर वर हवेच्या नळीतून इंजिनात जाऊन जळतं. हे सांगताना तो स्वतःही जरा ओशाळला होता, कारण मघाशी त्याने इंजिन खोलायला सांगितलं होतं.

भासरे खाटेवर जाऊन बसले. मिस्टर त्यांच्यापासून थोडं दूर, विटांच्या ढिगावर. बादलीतलं तेल स्थिर झालं होतं.

"मी समजलो तू काहीच पाहत नाही," भासरे म्हणाले.

"मी पण तेच समजलो."

थोड्या वेळाने भासरे म्हणाले, "बाबू, एक खरं सांग. त्या दलालासोबत तू गाडीत फिरला का नाही? तुझी वहिनी पाहून आली होती."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"फिरलो," मिस्टर म्हणाले. "तिकडंच चाललो होतो, त्यानं सोडून द्या म्हटलं, सोडलं. रस्त्यात घराचं विचारत होता. मी म्हटलं, मोठ्या भावाले विचारा."

"माझ्याकडं आला तेव्हा म्हणे, लहान भाऊ तयार आहे, फक्त तुमची सही बाकी."

"माझ्यापाशी म्हणाला होता, मोठे तयार आहेत."

"मी त्याले दारातून हाकलला."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तू सांगितलं का मले?"

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मी खरं सांगते, त्या वेळी मी दोघांचेही चेहरे नीट न्याहाळून पाहिले, कोण किती खरं बोलतो आहे ते. मला दोघेही खरं बोलताना दिसले. तरी मी आणखी थोडा वेळ पाहत राहिले. इतक्या महिन्यांची सवय होती.

गॅरेजवाल्याने सपाट जागेवर गाडी आणून मापाने नवं तेल भरलं, प्लग साफ केले, हवेचा फिल्टर पिळून पुसून बसवला. गाडी सुरू झाली, बराच वेळ धूर सोडत राहिली आणि मग धूर विरळ झाला. दिवा लागला नाही. सील मात्र गळतच होतं, त्याला त्याच्याकडे इलाज नव्हता. उरलेल्या रस्त्यात मिस्टरांनी गाडी चालवली आणि भासरे शेजारी बसून मान वाकडी करून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले.

राजनांदगावला पोचलो तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता. पंगती उठल्या होत्या, मांडवातल्या खुर्च्या एकावर एक रचत होते. मुलाकडची माणसं निघायच्या तयारीत होती. आमच्याकडे पाहून सगळे थांबले. भासऱ्यांच्या सदऱ्यावर काळे हात उमटलेले, मिस्टरांची विजार गुडघ्यापर्यंत तेलकट, जाऊबाईंच्या साडीच्या काठाला डाग.

"गाडी बिघडली होती," भासरे म्हणाले.

"काय बिघडलं?" आतेसासूबाईंनी विचारलं.

"तेल जास्त झालं होतं."

आतेसासूबाईंनी दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जेवायला बसवलं. भात निवला होता, पण वरण पुन्हा गरम करून आणलं. वाढून झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघराच्या मागच्या दारात नेलं.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "रस्त्यात भांडले ना दोघं?"

"नाही आत्या. गाडीत तेल जास्त झालं होतं."

"तेल कमी झालं तर गाडी बंद पडते हे मले माहीत आहे. जास्त होऊन कोणाची पडली? मारामारी झाली का? त्याच्या सदऱ्यावर हात कोणाचे आहेत?"

"त्यांचेच आहेत. गाडी ढकलली."

"घराचं काही आहे का? मी ऐकलं होतं, दलाल येतात तुमच्याकडं."

मी पुन्हा सगळं सांगितलं, उतार, काडी, फेस, बादली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा नवऱ्याची बाजू सांभाळणाऱ्या बाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग जाऊबाईंना बोलावून त्यांनाही वेगळं विचारलं. जाऊबाईंनी तेच सांगितलं. दोघींनी अक्षर न् अक्षर सारखंच सांगितल्यामुळे त्यांची खात्री पटली की आम्ही वाटेत ठरवून आलो आहोत.

रायपूरला परतल्यावर तेल कोणी पाहायचं हा प्रश्न आला. "तू पाहा," "नाही भाऊ, तुम्हीच," असं पुन्हा सुरू झालं. ते गोड बोलणं ऐकून जाऊबाई म्हणाल्या, आता आम्ही पाहू. सकाळी गाडी थंड असताना उतारावरून मागे घेऊन गल्लीत सपाट उभी करायची, मग काडी काढायची. जाऊबाई काडी धरायच्या, मी फडकं. समोरची बाई गच्चीवरून पाहायची. पहिल्या महिन्यानंतर कळलं की सील थोडं थोडं गळत असूनही महिनाभर तेल ओतायची गरज पडत नाही. भासऱ्यांना ते पटायचं नाही. ते दारात उभे राहून म्हणायचे, "नीट पाहा. खुणेच्या वर आहे का खाली?" मिस्टर जिन्यातून विचारायचे, "पुसून घेतली होती का आधी?" आम्ही दोघी बॉनेट बंद करून आत जायचो.

गाडी पहिल्यासारखी झाली नाही. सकाळी थोडा धूर निघायचाच, आणि सील दोनदा बदलूनही गळत राहिलं. आणखी दोनेक वर्षं चालली, मग विकली. घर विकलं नाही.

राजनांदगावच्या लग्नाला उन्हाळ्यात गेलो ते आगगाडीने. वरात येणार होती तेव्हा आतेसासूबाईंनी दोन्ही भावांना मांडवाच्या दारात मुद्दाम शेजारी शेजारी उभं केलं, पाहुण्यांचं स्वागत करायला. स्वतः आत येऊन माझ्याजवळ बसल्या आणि पडद्याच्या फटीतून बघत राहिल्या.

"बोलून राहिले," त्या म्हणाल्या.

"हो."

"काय बोलत असतील?"

मिस्टर हाताने काहीतरी वर-खाली दाखवत होते आणि भासरे मान हलवत होते. "गाडीचं बोलत असतील," मी म्हटलं.

आतेसासूबाईंनी आणखी थोडा वेळ पाहिलं.

"गाडीचं एवढं काय असते बोलायचं," त्या म्हणाल्या, आणि पडदा सारून बाहेर ऐकायला गेल्या.